हरिश्चंद्रगडाच्या सप्ततीर्थ पुष्करिणीला जाताना: ठाणे-नवी मुंबईहून आईवडिलांना घेऊन निघणाऱ्यांसाठी

हरिश्चंद्रगडाचं नाव काढलं की आपल्याकडच्या ट्रेकर पोरांच्या डोळ्यांसमोर कोकणकडा येतो. देवळाशेजारची पुष्करिणी, म्हणजे पायऱ्यांचं बांधीव तळं, त्यांना जाता-येता दिसते. कोणी काठावर बसून बूट काढतं, कोणी त्यातच तोंड धुतं आणि सगळे कड्याकडे निघतात. हा लेख उलट्या क्रमाने जाणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांना आधी तीर्थाचं दर्शन घ्यायचं आहे, सोबत साठीच्या आसपासचे आईबाबा किंवा सासूसासरे आहेत, आणि वेळ उरला, पाय चालले तर कडाही बघायचा आहे. अशा माणसांनी कधी जावं, कुठून चढावं, पाण्यापाशी कसं वागावं, हे सगळं क्रमाने सांगतो.

गड अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेला लागून आहे. उंची सुमारे १४२० मीटर. भोवतालचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ, त्याच्या पूर्वेला सप्ततीर्थ पुष्करिणी आणि थोडं खाली केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा. योगी चांगदेवांनी इथे तप केलं अशी परंपरा आहे. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतली माणसं डोंगर चढून दर्शनाला येतात, त्यामुळे गिर्यारोहकांच्या आधीपासून ही वाट भाविकांची आहे हे ध्यानात ठेवून निघावं.

आधी पाणी समजून घ्या

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. काही थर सच्छिद्र, काही घट्ट. पावसाचं पाणी सच्छिद्र थरातून मुरत खाली येतं, घट्ट थरावर अडतं आणि फट सापडेल तिथून बाहेर पडतं. डोंगरमाथ्यावर भर उन्हाळ्यातही टाकी भरलेली का असतात, त्याचं उत्तर यात आहे. पाणी कुठे अडतं ते ओळखून लोकांनी तिथे कातळ खोदला, घडीव दगड रचले आणि त्या पाण्याला देवाचं केलं.

गडावर पडलेला पाऊस दोन दिशांना वाटला जातो. देवळाजवळून वाहणारी मंगळगंगा पूर्वेला उतरते, मुळा नदीला मिळते. मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला, आणि ते पाणी थेट बंगालच्या उपसागराला जातं. कोकणकड्यावरून खाली पडणारं पाणी मात्र आपल्याकडे येतं. कड्याचा पायथा मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच आहे. तिथले ओढे काळू नदीला मिळतात. टिटवाळ्याच्या गणपतीला गेल्यावर आपण जी नदी बघतो ती हीच काळू. पुढे ती उल्हासला मिळते आणि उल्हास खाडीला. ठाण्याच्या माणसाला हरिश्चंद्रगड परका वाटू नये, याला एवढं कारण पुरे आहे.

पुष्करिणीचं पाणी मात्र वाहून जाणारं नाही, साठलेलं आहे. पाऊस थांबला की तिच्यात नवं पाणी येणं फार कमी होतं. दिवाळीच्या सुट्टीत कोणी तिच्यात साबण लावला, तर तो लगेच धुऊन निघत नाही, पुढच्या पावसापर्यंत त्याचा त्रास तळ्याने आणि गडावर राबणाऱ्या गावकऱ्यांनी सोसायचा. एकेकाळी हे पाणी लोक ओंजळीने प्यायचे. पुढे गर्दी वाढली, साबण आला, प्लास्टिक आलं आणि ती सोय गेली. पुढच्या बऱ्याचशा सूचना या एका गोष्टीतून निघतात.

महिना कुठला

आईवडील सोबत असतील तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. वाट कोरडी, ऊन सोसवणारं, हवा स्वच्छ, तळ्यात भरपूर पाणी. रात्री तापमान एक आकडी होऊ शकतं, तेव्हा मुक्काम असेल तर गरम कपड्यांत कंजूषी नको.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सगळ्यांत देखणा. सोनकी फुललेली असते, ओढे वाहते असतात. पण खडक शेवाळलेले असतात आणि दुपारी अचानक मोठी सर येते. गुडघे चांगले असणाऱ्यांनीच तेव्हा जावं. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा ताप, वाटेत सावली कमी.

जुलै-ऑगस्टला ज्येष्ठांना अजिबात नेऊ नका. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, ओढे फुगतात, केदारेश्वराच्या गुहेपाशी जाण्याची वाट पाण्याखाली जाते. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन अशा ठिकाणी बंदीही घालतं. 'इतक्या लांब आलो आहोत तर' म्हणून बंदी मोडण्याची आपल्याकडे सवय आहे, ती घरी ठेवावी.

वार शक्यतो मधला निवडा. शनिवारी रात्री माथ्यावर तंबूंची वस्ती होते, आणि रविवारी सकाळी पुष्करिणीकाठी शांतपणे दोन मिनिटं उभं राहायला जागा मिळत नाही. नोकरदारांनी एक रजा टाकून रविवारी दुपारी चढावं आणि सोमवारी सकाळी दर्शन घ्यावं, हा मला सगळ्यांत चांगला तोडगा वाटतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र याला अपवाद. त्या दिवसांची गर्दी भाविकांची असते आणि ती बघण्यासारखीही असते, पण पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो दिवस नको.

वाट कोणती

मुख्य वाटा तीन, आणि यातली एकच तुमच्या कामाची.

पाचनईची वाट: अकोले-राजूर बाजूने. सगळ्यांत सोपी, तरुणांना दोन-अडीच तास, आईबाबांना घेऊन साडेतीन ते चार. हीच धरा.

खिरेश्वरची वाट माळशेजकडून, टोलारखिंडीतून जाते. रस्त्याने ठाण्याहून जवळ पडते म्हणून मोह होतो. कल्याण-मुरबाड-माळशेज घाट चढून खुबी फाटा, तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटरवर खिरेश्वर. गावात नागेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे, ते खरोखर पाहण्याजोगं. पण खिंडीनंतर रेलिंग धरून चढायचा कातळटप्पा आहे आणि त्यापुढे चढउतारांची लांबलचक चाल. एक टेकडी संपली की दुसरी, आणि धुकं असेल तर कुठली पार केली तेच कळत नाही. चार-पाच तास लागतात. तरुण मंडळींनी जरूर जावं, गावातला वाटाड्या घेऊन.

तिसरी नळीची वाट, बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून. ती दोर हाताळणाऱ्या अनुभवी गिर्यारोहकांची. तीर्थयात्रेशी तिचा संबंध नाही.

निघण्याआधीचा महिना

आईबाबा रोज तलावपाळीला फेऱ्या मारत असतील तर चांगलंच, पण सपाटीवरच्या फेऱ्यांनी डोंगर चढता येत नाही. महिनाभर आधी चढउताराची सवय लावा. ठाण्यात राहणाऱ्यांना येऊर आहे. उपवनपासून वर गावापर्यंत सावकाश चढून उतरायचं. नवी मुंबईकरांना बेलापूरची पारसिक टेकडी. आठवड्यातून तीनदा, आणि इमारतीत लिफ्टऐवजी जिना. चौथ्या मजल्यापर्यंत बोलत बोलत, दम न लागता जाता येऊ लागलं की पाचनईची वाट झेपेल असं समजायला हरकत नाही.

उतरण्याचा सराव विसरू नका. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे, आणि ज्येष्ठांचा त्रास बहुतेक परतीच्या वाटेवर सुरू होतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकती झालेली शस्त्रक्रिया किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'चार तास डोंगर चढायचा आहे, वर दवाखाना नाही.' नुसतं 'फिरायला जातोय' म्हटलं तर ते सहज हो म्हणतील.

पाचनईपर्यंत

गाडीने: माजिवड्याहून नाशिक महामार्ग, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी. घोटीला उजवीकडे भंडारदऱ्याच्या दिशेला वळायचं, बारी गावावरून (कळसूबाईचा पायथा) राजूर, आणि राजूरहून पाचनई. चहा-नाश्ता धरून पाच तास मोजा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे भिवंडीजवळ आमण्याला चढून इगतपुरीच्या बाजूला उतरलं की कसारा घाट टळतो. दुचाकीला मात्र समृद्धीवर बंदी आहे. नवी मुंबईहून येणाऱ्यांनी मुंब्रा बायपासने नाशिक महामार्ग गाठावा. सकाळी सहाच्या आत शिळफाटा ओलांडला तर अर्धी डोकेदुखी वाचते.

पेट्रोल घोटीला भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा. पुढे फोनचं नेटवर्क येतं-जातं, आणि मावशींना भाकरीचे पैसे देताना यूपीआय फिरत बसलं की दोघांचीही पंचाईत. राजूरनंतरचा रस्ता अरुंद, वळणावळणाचा. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि हा टप्पा उजेडात पार होईल असं बघा.

लोकलने: ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल. वाशी, नेरूळ, पनवेलकडच्यांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला यायचं. कसारा स्टेशनबाहेर जीप मिळतात, पण पाचनईपर्यंतची जीप आयत्या वेळी मिळेल या भरवशावर ज्येष्ठांना नेऊ नका. पाचनईत ज्यांच्याकडे जेवणाची-मुक्कामाची सोय ठरवाल त्यांनाच सांगा. गावातली माणसं जीपही ठरवून देतात. राजूरकडे जाणाऱ्या एसटी मोजक्या आहेत, निघायच्या आदल्या दिवशी डेपोत वेळ विचारलेली बरी.

आदल्या रात्री ठाण्याहून निघून पहाटे चढायला लागायचं, ही तरुणांची पद्धत. झोप न झालेल्या साठीच्या माणसाला डोंगर चढवणं मला पटत नाही. सकाळी निघा, दुपारी पाचनईत जेवा, तासभर आडवे व्हा. मग गावातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे चढा किंवा हिवाळ्यात दुपारी दोनच्या आत चालू लागा. अंधार पडायच्या आत माथ्यावर पोहोचणं हे दुसऱ्या पर्यायाचं पथ्य.

पाठीवर काय असावं

आईबाबांच्या पाठीवर पाण्याची एक बाटली, बस्स. बाकीचं तुम्ही उचलायचं.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचे. नवे कोरे असतील तर आधी दोन आठवडे वापरून मऊ केलेले. चप्पल किंवा गुळगुळीत तळव्याच्या स्पोर्ट्स शूजनी कातळावर पाय घसरतो. प्रत्येक ज्येष्ठाला एक काठी. ट्रेकिंग पोल नसेल तर गावात बांबूची मिळते. माणशी दोन-तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटं, चिक्की, खजूर, लिंबू. नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. हेडटॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र, कारण एकाच्या उजेडात दोघं चालले की मागचा ठेचकाळतो. कानटोपी, स्वेटर, एक जादा कपड्यांचा जोड, पंचा. गुडघ्याला पट्टा लागत असेल तर तो उतरताना घालायचा, सॅकच्या तळाशी ठेवू नका.

पूजेचं साहित्य: एक छोटा तांब्या, बेलाची पानं, थोडी फुलं, भस्म किंवा गंध. एवढंच. प्लास्टिकच्या पिशवीतली हळदकुंकवाची पुडी, अगरबत्तीचं पुडकं, थर्माकोलचा द्रोण यांतलं काही नको. एक कापडी पिशवी निर्माल्यासाठी आणि एक घट्ट बंद होणारी पिशवी कचऱ्यासाठी जरूर घ्या. अत्तर, सुगंधी स्प्रे घरी ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास आणि धूर यांनी माश्या उठतात, आणि तिथे पळायला जागा नसते. अगरबत्तीसुद्धा देवळाच्या आवारापुरतीच.

चढ

पाचनईत वनविभागाच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं. मुक्कामाचे आणि चुलीचे सध्याचे नियम तिथेच विचारून घ्या. अभयारण्य असल्याने ते बदलत असतात. वाटाड्या घ्या. वाट मळलेली आहे हे खरं, पण सोबत ज्येष्ठ असताना गावचा एक माणूस बरोबर असणं म्हणजे निम्मी काळजी मिटते, आणि गावात चार पैसे जातात. इथली वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. जंगलातली झाडं, पाण्याच्या जागा, पूर्वीच्या वाटा यांबद्दल त्यांना विचारत चला. आईबाबांच्या पिढीशी त्यांचं फार लवकर जमतं; शेती, पाऊस, नातवंडं, बोलायला विषय पुष्कळ निघतात.

सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास सगळ्यांत दमवणारा, थेट चढ. इथे घाई झाली तर पुढचे तीन तास बिघडतात. वीस मिनिटं चालायचं, पाच मिनिटं टेकायचं, असा ठेका धरा आणि सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. त्याला मागे ठेवलं की पुढचे थांबून विश्रांती घेतात, तो पोहोचताच निघतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

चढ संपला की वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. वरचा खडक डोक्यावर छतासारखा पुढे आलेला. एका बाजूला दरी असल्याने धोक्याच्या जागी रेलिंग लावलं आहे. चालताना डोंगराच्या बाजूला ज्येष्ठ, दरीच्या बाजूला तुम्ही. खडकाच्या कपारीत आधारासाठी आंधळेपणाने हात घालू नका. सह्याद्रीत चापडा नावाचा हिरवा विषारी साप झुडपांत आणि फांद्यांवर निवांत पडलेला असतो आणि पानांत तो ओळखू येत नाही.

भिंत संपली की ओढ्याचं खोरं. इथून चढ जवळजवळ मिटतो. ओढा ओलांडत, झाडीतून, मोकळ्या कातळावरून वाट देवळाकडे जाते. हिवाळ्याच्या सकाळी या टप्प्यावर पक्ष्यांचे आवाज भरपूर. मोठ्या आवाजातली गाणी लावणारे सहप्रवासी भेटले तर गोड शब्दांत विनंती करा. बिबट्या, भेकर यांचा वावर असलेलं हे जंगल आहे. ती सहसा दिसत नाहीत, पण माकडं दिसतात आणि हातातली पिशवी ओढून नेतात. खाणं सॅकमध्येच ठेवा.

वाटेत लिंबू सरबत, ताक विकणाऱ्या मावश्या बसतात. एवढं ओझं डोक्यावर घेऊन त्या रोज हाच डोंगर चढतात, तेव्हा भाव करू नये.

पुष्करिणीपाशी

देऊळ समोर आलं की सगळे थेट गाभाऱ्याकडे धावतात. मी सांगेन, आधी सॅक उतरवा, श्वास खाली येऊ द्या, मग पुष्करिणीवर या.

चौकोनी, बांधीव, पायऱ्यांचं तळं. एका अंगाला ओळीने चौदा छोट्या देवळ्या, प्रत्येकीला आपलं वेगळं दगडी छत. या देवळ्यांत पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या. आता त्या इथे नाहीत, देवळ्या रिकाम्या आहेत. सकाळी वारा पडलेला असताना त्यांचं प्रतिबिंब पाण्यात सरळ उतरतं. आठ वाजून गेले की लोक येऊ लागतात, म्हणून वर मुक्काम असेल तर उजाडताच इथे यायचं.

पाण्याशी वागण्याची रीत:

पायरीवर बूट घालून उतरू नका. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबा. तिथून तुम्ही वाकून तांब्याभर पाणी घ्यायचं आणि आईबाबांना ते वर उभं असताना ओंजळीत द्यायचं. डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं, तीर्थ पोहोचलं. हे पाणी पिऊ नका. स्नानाची इच्छा धरून आलेल्या ज्येष्ठांना हे आधीच, घरीच समजावून सांगा. तळ्याकाठी वाद नको. त्यांना पटतं. त्यांच्या गावच्या पिण्याच्या विहिरीत कोणी उतरलं असतं तर त्यांनीच आधी आवाज चढवला असता.

हातपाय, तोंड धुवायचं असेल तर तांब्यात पाणी घेऊन तळ्यापासून चांगलं दूर जायचं आणि साबणाशिवाय. तेलाचा दिवा पाण्यात सोडायचा नाही, नाणं टाकायचं नाही, नारळ फोडून पाणी तळ्यात ओतायचं नाही. फूल वाहायचंच असेल तर काठावर ठेवा आणि निघताना उचलून कापडी पिशवीत घ्या. गणपतीत आपण कृत्रिम तलावांपाशी निर्माल्य वेगळं काढून देतो, तोच शिरस्ता इथे पाळायचा. फरक एवढाच की इथे कलश ठेवलेला नाही, निर्माल्य ठाण्याला परत न्यायचं. दुसऱ्या कोणी टाकलेली वेफर्सची दोन रिकामी पाकिटं दिसली तर तीही उचला.

अभिषेकासाठी याच तांब्यातलं पाणी घेऊन हरिश्चंद्रेश्वराकडे जायचं. देऊळ साधारण सोळा मीटर उंच, नखशिखांत कोरलेलं. भोवती कातळात खोदलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. पिण्याचं पाणी कुठल्या टाक्यातलं घ्यायचं ते गावकऱ्यांना विचारा, आणि तेही गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच. दुपारी आवारात सावली मिळते. आईबाबांना इथे तासभर बसू द्या. भिंतीवरचं एकेक शिल्प निवांत बघत फिरण्यासारखी ही जागा आहे आणि तिला वेळ न देता निघणं अन्यायाचं होईल.

केदारेश्वर

देवळाच्या जवळच, ओढ्याकडे उतरून ही गुहा लागते. मधोमध सुमारे पाच फुटी शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं गार पाणी. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे चार खांब म्हणजे चार युगं आणि उरलेला खांब कलियुगाचा, अशी लोकश्रद्धा आहे. आईबाबांना ही कथा बहुतेक ठाऊक असते, त्यांच्याच तोंडून ऐका.

पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. ज्येष्ठांनी ती घालू नये. घाम आलेल्या अंगाने अचानक इतक्या गार पाण्यात उतरलं की श्वास अडकतो, नाडी भडकते; हृदय कमजोर असलेल्याला ते महागात पडू शकतं. तळाचा दगडही निसरडा. बाहेरून, काठावरून हात जोडले तरी दर्शन पूर्ण. घरातला तरुण उतरणार असेल तर अंग निवल्यावर, हाताला धरणारं माणूस बरोबर ठेवून आणि पाच मिनिटांत बाहेर. लगेच अंग कोरडं करून कपडे बदलायचे. पुष्करिणीप्रमाणे इथेही साबण, तेल, दूध काही नको. बंद गुहेतल्या साठलेल्या पाण्यात दूध ओतलं की ते नासतं, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या भाविकाला त्या वासात उभं राहावं लागतं.

मुक्काम आणि नैसर्गिक विधी

नियम परवानगी देत असतील तर वर तंबूची आणि जेवणाची सोय गावकऱ्यांकडूनच घ्या. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. आईबाबांच्या पोटाला सोसणारं जेवण. तंबूखाली जाड मॅट मागून घ्या, कातळाचा गारवा पाठीतून चढतो. वर झोपणं ज्येष्ठांना जमणार नसेल तर पाचनईत घरगुती मुक्काम आणि एका दिवसात वरखाली, हाही पर्याय चांगला आहे. फक्त पहाटे साडेपाचला चालू लागायला हवं.

स्वच्छतागृहाचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत आणि मग आई दिवसभर पाणी पीत नाही. डोंगरावर ते धोक्याचं. पाचनईत जेवता त्या घरी विधी उरकून निघा. वर गेल्यावर गावकऱ्यांनी काही आडोसा केला आहे का ते मावशींनाच विचारा. नसेल तर पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, ओढ्याच्या उताराच्या बाजूला नाही अशा मातीत, वीतभर खड्डा करून नंतर बुजवायचा. छोटं खुरपं सॅकमध्ये असू द्या. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीत परत.

कोकणकडा, झेपला तर

देवळापासून अर्ध्या-पाऊण तासाची सोपी चाल. संध्याकाळी गेलात तर सूर्यास्त मिळतो, पण परत अंधारात चालावं लागतं, म्हणून हेडटॉर्च हवाच. कडा अर्धगोल, आतल्या बाजूला वळलेला. खालून येणारा वारा इतका जोरकस की हलक्या वस्तू वर उडून येतात. काठापासून चार-पाच मीटर मागे बसा. ढग आणि कोवळं ऊन यांचा मेळ जमला तर इथे गोलाकार इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये ते इथे पाहिल्याची नोंद प्रसिद्ध आहे. तारामतीचं शिखर १४२९ मीटरचं, तो खडा चढ तरुणांसाठी ठेवा. त्याच्या उतारावरच्या गुहांमध्ये भव्य गणेशमूर्ती आहे. तिथपर्यंत मात्र आईबाबांनाही हळूहळू नेता येतं.

उतरताना, आणि काही बिघडलं तर

वर मुक्काम केला असेल तर सकाळी दहाच्या आत उतरायला लागा. काठी पुढे टेकवून, छोटी पावलं टाकत. कोणाचा पाय मुरगळला, छातीत दुखलं, साप चावला, तर धावपळ न करता माणसाला बसवा, वाटाड्याला खाली पिटाळा आणि नेटवर्क मिळताच १०८ला फोन करा. सापाच्या दंशावर चिरा देणं, घट्ट दोरी बांधणं, चोखणं यांतलं काहीही करू नका. अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठणं एवढंच औषध. छातीत दुखण्याची तक्रार 'ॲसिडिटी असेल' म्हणून झटकू नका. पाचनईत उतरल्यावर गरम पाण्याने पाय शेकून, जेवून, मगच गाडीत बसा. वाटाड्याला ठरल्यापेक्षा थोडं जास्त द्या.

शेवटी, ज्यांच्या घरात चढ कोणत्याही परिस्थितीत शक्य नाही त्यांच्यासाठी: याच अभयारण्यात, भंडारदरा जलाशयाच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी आहे. तिथे अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ आणि जवळच देवळ्यांनी वेढलेली एक सुंदर बांधीव पुष्करिणी आहे, बऱ्याचशा देवळ्यांत मूर्ती अजून आहेत. गाडी थेट देवळापर्यंत जाते. घोटी-बारी हाच रस्ता, फक्त शेंडीकडे वळून जलाशयाच्या काठाकाठाने जायचं. गुडघेदुखीच्या आजीला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी गाडीत बसवून ठेवण्यापेक्षा सगळ्या घराने रतनवाडीला जावं. पाण्याशी वागण्याची रीत तिथेही वर सांगितली तीच.